सेट-टॉप बॉक्स, ओटीटी, सिनेमा की नाटक? आधी आपल्या घराची संध्याकाळ बघा

सेट-टॉप बॉक्सचं रिचार्ज संपत आलं की हल्ली घराघरांत एकच वाद निघतो. कॉलेजला जाणारी मुलं म्हणतात, 'टीव्ही बघतं कोण? सगळं ॲपवर आहे, काढून टाका.' आजी काही बोलत नाहीत, रिमोट जवळ ओढून घेतात. आणि पैसे भरणारा माणूस मोबाइलवर बेरीज करत बसतो: केबलचे इतके, ओटीटीचे (म्हणजे इंटरनेटवरून सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या ॲपचे) इतके, वर वायफाय. एवढं सगळं भरून थिएटरला जायचं ते राहूनच जातं. सोसायटीत, लोकलच्या डब्यात, मैत्रिणींच्या ग्रुपवर मला इतक्या जणींनी हा प्रश्न विचारलाय की एकदा नीट लिहूनच काढावं म्हटलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा निर्णय वाहिन्या आणि वेब सिरीज मोजून घेऊ नये. मनोरंजनाचं प्रत्येक साधन एका ठरावीक बैठकीसाठी घडलेलं असतं. किती माणसं, किती वाजता, कोणाशेजारी कोण आणि किती वेळ बसणार हे बनवणाऱ्यांनी आधी हेरलेलं असतं. गोष्टीची लांबी, वेग, संवाद, अगदी पार्श्वसंगीतसुद्धा त्यावर बेतलेलं असतं. तुमच्या घरची बैठक वेगळी असेल, तर ते साधन कितीही स्वस्तात मिळालं तरी पैसे वायाच जातात. म्हणून पुढे खर्चाचं बोलणार आहेच, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते कोणतं साधन कोणत्या घराला जुळतं.

याचा ठसठशीत पुरावा म्हणजे दूरदर्शनवरचं रामायण. २५ जानेवारी १९८७ ला ते सुरू झालं तेव्हा चाळीत, वाडीत, गावच्या आळीत टीव्ही मोजक्याच घरी असे. रविवारी सकाळी तिथे शेजारपाजारचे जमत आणि दाराबाहेर चपलांचा ढीग लागे. बघायला वाहिनी एकच, म्हणून वेळही सगळ्यांची एकच. पुढे १९९२ मध्ये झी टीव्ही आला, १९९९ मध्ये अल्फा मराठी म्हणजे आजची झी मराठी, २००० मध्ये ईटीव्ही मराठी म्हणजे आजची कलर्स मराठी. टीव्ही घरोघरी गेला, शेजाऱ्याकडे बघायला जाणं थांबलं आणि आठवड्याच्या मालिकेची जागा रोज रात्रीच्या मालिकेने घेतली. मग २८ मार्च २०२० ला, लॉकडाउनमध्ये, तेच रामायण दूरदर्शनने पुन्हा लावलं. एव्हाना जवळपास प्रत्येकाच्या हातात स्वतःचा वेगळा पडदा होता. तरी त्या आठवड्यांत दूरदर्शन देशातल्या सर्वांत जास्त पाहिल्या जाणाऱ्या वाहिन्यांत जाऊन बसलं. मालिका तीच होती, चित्रीकरण तेच जुनं होतं. फरक इतकाच की घरातली सगळी माणसं एका वेळी घरात होती.

केबल आणि डीटीएच

मराठी मालिकांना नावं ठेवणं सोपं आहे. तीच बातमी तीन पात्रं तीनदा सांगतात, प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा जातो, वर धडाधड संगीत. पण ही मालिका कोण कशी बघतं ते आमच्या स्वयंपाकघरातून पाहा. आठ वाजता मी पोळ्या लाटत असते. टीव्ही बाहेरच्या खोलीत आणि माझी पाठ त्याच्याकडे. एक्झॉस्ट पंखा चालू, कुकरची शिट्टी होतेय, एका बाजूला भाजी परततेय. एवढ्या आवाजातही मला बरोबर कळतं की नायिकेला घराबाहेर काढलंय आणि दारात कोणीतरी आलंय, कारण संवादात ते दोनदा आलेलं असतं आणि उरलेलं संगीत सांगतं. जाहिराती लागल्या की पानं घ्यायची, कोशिंबीर वाढायची, सासूबाईंना गोळी द्यायची.

नियमाप्रमाणे टीव्हीवर तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटं जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासाच्या भागात गोष्ट उरते २४ मिनिटांच्या आसपास, आणि त्यातही थोडा भाग मागच्या भागाची उजळणी असते. बसून, लक्ष देऊन बघणाऱ्याला ती उजळणी खुपते. हात चालू ठेवून ऐकणारीला तीच उपयोगी पडते. आपल्याकडच्या बायकांनी वर्षानुवर्षं कामं करता करता टीव्ही बघितला, म्हणून मालिका अशा कानाला कळतील अशा घडल्या. त्यामुळे 'मालिका फालतू असतात, केबल काढून टाक' असं घरातल्या ज्याला स्वयंपाक करावा लागत नाही त्याने म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

टीव्हीचा दुसरा गुण म्हणजे त्यावर काही शोधावं लागत नाही. साडेसातला एक मालिका, आठला दुसरी, साडेआठला तिसरी. निवडायचं, ठरवायचं, लॉगिन करायचं नसतं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी तर ठरल्या वेळी ओळखीची माणसं घरात येणं हीच दिवसाची घडी असते. आमच्या सासूबाईंना वाहिन्यांचे नंबर तोंडपाठ आहेत. चष्मा नसतानाही बोटाने चाचपून त्या बरोबर वाहिनी लावतात. तेच स्मार्ट टीव्हीवर ॲप आपोआप अपडेट झालं की बाहेर फेकतं, पुन्हा आत जायला ओटीपी लागतो, तो मुलाच्या फोनवर येतो आणि मुलगा त्या वेळी घाटकोपर–ठाण्याच्या मध्ये लोकलमध्ये लटकत असतो. आजींची मालिका तोवर संपते. ज्या घरात दिवसभर वयस्कर माणूस एकटं असतं, तिथे डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, काढू नका, असं मी ठामपणे सांगते.

खर्चाचं सांगायचं तर बरीच घरं गरजेपेक्षा जास्त भरतात. २०१९ च्या सुरुवातीपासून ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, नियमांनुसार वाहिन्या सुट्या निवडता येतात, पण बहुतेकांच्या डब्यावर ऑपरेटरने कधीकाळी लावून दिलेला मोठा पॅक तसाच चालू असतो. खेळाच्या चार वाहिन्या, इंग्रजी सिनेमे, कोणी न बघितलेले एचडी चॅनेल. फोन उचलून सांगा: मराठी मनोरंजनाच्या वाहिन्या, एखादी हिंदी, एक-दोन बातम्यांच्या, बस. आमचं बिल एवढ्याने बरंच खाली आलं. महिन्याचा खर्चच नको असेल तर दूरदर्शनची डीडी फ्री डिश आहे. २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेली ही सेवा एकदा डिश आणि डबा घेतला की मासिक पैसे घेत नाही. दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री त्यावर मिळते. खासगी वाहिन्यांच्या जागांचा मात्र लिलाव होतो आणि यादी बदलत राहते, म्हणून घरच्यांची आवडती मालिका त्यावर आहे का ते आधी दुकानात लावून बघा आणि मगच पैसे द्या.

ओटीटी

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं आणि आपल्या सवयी मुळापासून बदलल्या. त्याआधी एक जीबी डेटा लोक महिनाभर पुरवून वापरत. मग दिवसाला एक-दीड जीबी मिळू लागला आणि टीव्ही फोनमध्ये आला. नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये भारतासाठी फक्त मोबाइलवर चालणारा १९९ रुपयांचा प्लॅन काढला आणि २०२१ च्या डिसेंबरात तो १४९ वर आणला. इथला माणूस एकेकटा, प्रवासात, हातातल्या फोनवर बघतो हे कंपनीच्या ध्यानात आलं होतं. घेणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावं की असा मोबाइल प्लॅन टीव्हीवर चालत नाही. स्वस्त म्हणून घेतला आणि घरच्या ४३ इंची टीव्हीवर लावायला गेलात तर निराशा होईल.

ओटीटी मुळात एका माणसासाठी बनलेलं आहे. टीव्हीवर ॲप उघडलं की पहिला प्रश्न येतो, कोण बघतंय? समोर सोफ्यावर पाच जण बसलेले असतात. मग वीस मिनिटं कव्हरांची चित्रं सरकत राहतात. बाबांना मारामारी हवी, मुलीला कोरियन मालिका, मुलाला जे हवं ते आजीसमोर लावता येत नाही. शेवटी जेवण उरकतं आणि जो तो आपापला फोन घेऊन खोलीत जातो. एकत्र बसायला म्हणून ओटीटी घेणार असाल, तर शुक्रवारी दुपारीच काय बघायचं ते ठरवून ठेवा. ऐन वेळी ठरवायला गेलात तर संध्याकाळ निवडण्यातच जाते.

पण याच एकटेपणाने एक मोठं काम केलं आहे आणि त्याचं मोल कमी करू नये. टीव्हीचा रिमोट घरात कोणाकडे असतो हे आपल्याला माहीत आहे. संध्याकाळी बातम्या किंवा क्रिकेट, मग मालिका, आणि त्यात घरातल्या सुनेला किंवा वयात आलेल्या मुलीला स्वतःचं असं काही बघायला मिळत नसे. आज रात्री साडेदहाला, भांडी आवरून, कानात इअरफोन घालून ती तिला हवी ती गोष्ट बघते, आणि का बघतेस असं विचारायला कोणी नसतं. टीव्हीवर सगळ्या घरासमोर चालल्याच नसत्या अशा कथा, अशी भाषा आणि अशी पात्रं ओटीटीवर आली ती यामुळेच. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदा स्वतःच्या आवडीने काहीतरी निवडून बघितलं. त्यांना मी 'घरासाठी टीव्हीच बरा' असं कधीच सांगणार नाही.

मराठीपुरतं बोलायचं तर ओटीटीवर दोन प्रकारचा माल आहे. एक, वाहिन्यांच्याच मालिका. झी मराठीच्या झी५ वर, स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर. वेळ चुकली तरी नंतर बघता येते आणि काही मालिकांचे भाग पैसे भरणाऱ्यांना टीव्हीच्या आधीच मिळतात. मुलाकडे सहा महिने अमेरिकेला जाणारे आई-वडील तिथे मालिकांचा धागा तुटू देत नाहीत तो बहुधा अशाच ॲपवर. दुसरा प्रकार म्हणजे सिनेमे आणि खास ओटीटीसाठी केलेल्या मराठी सिरीज, आणि तिथे आपली बाजू अजून लंगडी आहे. थिएटरमधून उतरलेला प्रत्येक मराठी सिनेमा ओटीटीवर येईलच याची खात्री नसते. आला तरी कधी आणि कुठे येईल ते सांगता येत नाही. फक्त मराठी बघण्यासाठी महागडी परदेशी सेवा घेण्यात अर्थ नाही. जुनं दूरदर्शन आवडणाऱ्यांनी, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं वेव्हज ॲप जरूर उतरवून घ्यावं. २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्‌घाटनाला ते सुरू झालं आणि त्यातलं बरंचसं मोफत आहे.

पैशांच्या बाबतीत तीन गोष्टी सांभाळा. एका वेळी एकच सेवा घ्या. दोन महिने ही, पुढचे दोन महिने ती. वर्षभराचं स्वस्त दिसतं म्हणून तीन सेवांचे वर्षभराचे पैसे भरू नका, कारण एका माणसाला रात्री मिळतात दीड-दोन तास आणि तेवढ्यात तिन्ही बघून होणं शक्य नाही. दुसरं, ऑटो-पे, म्हणजे खात्यातून आपोआप कापले जाणारे पैसे. पैसे कापायच्या किमान २४ तास आधी मेसेज यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज न वाचता पुसू नका, नाहीतर बंद केली असं वाटणारी सेवा वर्षभर चालू राहते. तिसरं, पासवर्ड. पुण्यात शिकणारा मुलगा, नाशिकचा भाऊ आणि आपण, सगळे एकाच खात्यावर, ही सवय आपल्याकडे इतकी पसरली होती की नेटफ्लिक्सने २० जुलै २०२३ पासून भारतात खातं एका घरापुरतं केलं. 'दादाचा पासवर्ड आहे' या भरवशावर आता हिशेब मांडू नका. पैसे भरून जाहिराती टळतील हाही भरवसा राहिला नाही. प्राइम व्हिडिओने २०२५ च्या जूनपासून भारतात जाहिराती आणल्या.

यूट्यूब आणि रील्स यांना महिन्याचे पैसे लागत नाहीत, म्हणून कोणी त्यांना तुलनेत धरत नाही. धरायला हवं. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली आणि महिनाभरात इन्स्टाग्रामवर रील्स आले, इतकी ती सवय रुजली होती. आमच्या घरी कोणी काहीच बघितलं नाही असं वाटणाऱ्या रात्रीही प्रत्येकाचा तास-दीड तास त्यात गेलेला असतो. मराठीत तिथे उत्तम काम करणारी पोरं आहेत आणि ते काम मी आवडीने बघते. पण 'वेळच मिळत नाही, नाटकाला कुठे जायचं' असं म्हणण्याआधी फोनमधला स्क्रीन टाइमचा आकडा एकदा बघावा.

थिएटरमधला सिनेमा

इथे थोडक्यात सांगते. चार जणांचं कुटुंब मल्टिप्लेक्सला गेलं की तिकिटं, पॉपकॉर्न आणि रिक्षा मिळून हजार-दीड हजार सहज जातात. १०० रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के जीएसटी असतो. लोकांना घरी बसून बघायची सवय लागली म्हणून ते येत नाहीत असं म्हणतात, पण २३ सप्टेंबर २०२२ ला राष्ट्रीय चित्रपट दिनी तिकीट ७५ रुपये केलं तेव्हा एका दिवसात सुमारे ६५ लाख लोक आले. जायची इच्छा शाबूत आहे, परवडत नाही ही खरी अडचण. म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसाचा, सकाळचा खेळ शोधा. हिंदी सिनेमा साधारण आठ आठवड्यांनी ओटीटीवर येतो, तेव्हा एकट्याने बघायचा असेल तर थांबायला हरकत नाही.

मराठी सिनेमाला मात्र थांबू नका. मल्टिप्लेक्समध्ये मराठीला सोयीच्या वेळेचे खेळ मिळावेत म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारला पाऊल उचलावं लागलं होतं, आणि अजूनही पहिल्या शनिवार-रविवारी खुर्च्या भरल्या नाहीत तर सोमवारी खेळ कमी होतात. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' आला तेव्हा बायका ग्रुप करून, नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरला गेल्या. भिशीचे, मंगळागौरीचे, शाळेच्या मैत्रिणींचे ग्रुप. एरवी बाईच्या सिनेमाला जाण्याचा निर्णय नवऱ्याच्या सुटीवर आणि मुलांच्या परीक्षेवर टांगलेला असे. तो ग्रुपवर ठरू लागला आणि सिनेमा आठवडेच्या आठवडे चालला. तुमचा असा ग्रुप असेल तर सिनेमागृह हे तुमच्यासाठी आजही पैसे वसूल होणारं ठिकाण आहे. नसेल तर त्याच पैशात नाटक बघा असं मी म्हणेन.

नाटक

मराठी माणसाला हा पर्याय शेवटी आठवतो, आणि मला तो सगळ्यात पुढे ठेवावासा वाटतो.

बदलत्या सवयींशी जमवून घेत सगळ्यात जास्त काळ टिकलेलं आपलं माध्यम म्हणजे रंगभूमी. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी सीतास्वयंवर केलं, १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल आलं. त्या काळची पाच अंकी संगीत नाटकं रात्रभर चालत. एकेका पदाला तीन-तीन वन्स मोअर. सकाळी कचेरी गाठायची आणि शेवटची लोकल पकडायची असे प्रेक्षक आले तसं नाटक पाच अंकांवरून तीन अंकांवर आणि पुढे दोन अंकांवर, अडीच तासांवर आलं. माणसं गिरगाव-दादर सोडून उपनगरांत गेली तशी नाट्यगृहंही त्यांच्या मागे गेली. ठाण्याचं गडकरी रंगायतन, बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे, डोंबिवलीचं सावित्रीबाई फुले. आठवडाभर कामाला जुंपलेली माणसं येईनात म्हणून प्रयोग शनिवार-रविवारी एकवटले. रात्री उशिरा परतायला ज्येष्ठांना जमेना म्हणून दुपारी चारचा प्रयोग रुजला. आज कित्येक नाटकांचा रविवारी चारचा प्रयोग रात्रीच्या आधी हाऊसफुल्ल होतो.

खर्च? चांगल्या नाटकाचं तिकीट साधारण ३०० ते ५०० रुपये. ५०० पर्यंतच्या नाटकाच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्यामुळे बरेचसे निर्माते ती रेघ ओलांडत नाहीत. बाल्कनीत त्याहून कमी. चौघांचा खर्च मल्टिप्लेक्सइतकाच किंवा थोडा कमी, आणि मध्यंतरात बटाटेवडा-चहाला पॉपकॉर्नच्या निम्मे पैसेही लागत नाहीत.

त्या बदल्यात मिळतं ते दुसरं कुठलंच माध्यम आता देत नाही. तिसरी घंटा होते, मोबाइल बंद करायची सूचना होते, अंधार होतो. पुढचा सव्वा तास तुमच्या शेजारी बसलेला सोळा वर्षांचा मुलगा, त्याची आजी आणि तुम्ही एकाच ठिकाणी बघत असता. कोणी पुढे पळवू शकत नाही, थांबवू शकत नाही. नट वाक्य टाकतो, हशा येतो, तो ओसरेपर्यंत नट थांबतो. त्या थांबण्याची लांबी आपण, म्हणजे त्या दिवशीचे आठशे-नऊशे प्रेक्षक ठरवत असतो. म्हणून दादरच्या शिवाजी मंदिरातला आणि पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरातला प्रयोग एकाच नाटकाचा असला तरी सारखा होत नाही. फोन वाजला म्हणून भर प्रयोगात नटाने नाटक थांबवल्याच्या घटना आपल्याकडे घडल्या आहेत, आणि मी पूर्णपणे नटाच्या बाजूने आहे. अख्ख्या आठवड्यात माणसाचं अखंड लक्ष मागणारी ही एकच जागा उरली आहे.

अडचणीही आहेत. तालुक्याच्या गावी नाट्यगृह असलं तरी दौरा येईल तेव्हाच नाटक. काही ठिकाणची स्वच्छतागृहं, खुर्च्या आणि ध्वनियंत्रणा अशी असते की घरून निघावंसं वाटू नये. लहान मुलांसाठी बालनाट्यं येतात ती मुख्यतः मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुटीत. आणि रोजच्या थकव्याला नाटक हा उतारा नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाला रात्री नऊला फक्त टेकायचं असतं. त्या वेळी मालिका किंवा फोन याच गोष्टी उपयोगी पडतात, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही.

बंद ठेवण्याचा पर्याय

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथल्या ग्रामस्थांनी २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद, मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी बोलायचं. त्या निर्णयात बायकांचा पुढाकार होता. मालिकांच्या ऐन वेळेत मालिका सोडायला त्या तयार झाल्या. शहरातल्या सोसायटीत भोंगा चालणार नाही, पण जेवणाची वेळ पडद्याशिवायची ठेवणं कुठल्याही घराला जमेल. आम्ही ते करतो. त्यासाठी कुठली मालिका सोडायची यावर आमच्याकडे बरीच वादावादी झाली आणि शेवटी साडेआठची मालिका मी ॲपवर नंतर बघते.

तर कोणी काय घ्यावं

घरात ज्येष्ठ आहेत आणि स्वयंपाकाच्या वेळी टीव्ही चालू असतो, तर डबा ठेवा, पॅक छाटा, आणि वाचलेल्या पैशांत एका वेळी एक ओटीटी घ्या. माझ्या मते बहुतेक मराठी घरांना हेच बसतं.

दोघेही नोकरी करणारे, रात्री नऊनंतर घरी येणारे, मुलं लहान, तर केबल खुशाल काढा. तुम्ही वाहिनीच्या वेळेला घरी नसताच. दोन पडद्यांवर चालणारा ओटीटी प्लॅन पुरे. क्रिकेट बघणारे असाल तर सामने त्या वर्षी कोणत्या ॲपवर आहेत ते बघून तेवढ्या महिन्यांपुरतंच घ्या.

पुण्या-मुंबईत खोली करून राहणाऱ्या पोरांनी मोबाइल प्लॅनवर भागवावं आणि महिन्याला एक तिकीट नाटकाचं काढावं. एकट्याने नाटकाला जायला संकोच वाटतो असं बरेच जण सांगतात. अंधारात सगळे एकटेच असतात, निर्धास्त जा.

नुसते नवरा-बायको घरात आणि मुलं परगावी, अशी आता कितीतरी घरं आहेत. त्यांनी डबा ठेवावा, फोनवर वेव्हज घ्यावं आणि महिन्यातला एक रविवार नाटकाला द्यावा. तिकिटं ॲपवर निघतात, पण ज्यांना ते जमत नाही त्यांनी नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन काढावीत. तिथे खुर्च्यांचा नकाशा समोर ठेवून जागा दाखवतात. कडेची खुर्ची मागा, मध्यंतराआधी उठावं लागलं तर कोणाच्या पायांवरून जावं लागत नाही. गुडघे दुखत असतील तर बाल्कनी घेऊ नका, आणि लिफ्ट आहे का, ती त्या दिवशी चालू आहे का, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.